लाईन गेली की गाणारा गजू

लाईन गेली की आमच्या जऊळक्यातला जो तो तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलतो. ते इथे लिहिण्यासारखं नसतं. एकटा गजू खूश होतो. पंख्याचं पातं थांबायच्या आत तो उठतो, दाराला कडी घालतो, खिडकीला गोधडी टांगतो आणि गायला बसतो.

त्याचं कारण सरळ आहे. गजू स्वतः गाणी लिहितो, स्वतः चाल लावतो, स्वतः गातो आणि स्वतःच मोबाइलवर रेकॉर्ड करतो. त्याची खोली माझ्या पिठाच्या चक्कीला लागून आहे. मधे एकच भिंत. चक्की चालू असली की त्याच्या खोलीतलं पाणीसुद्धा पेल्यात थरथरतं. चक्की बंद झाली तरी समोरच्या वेल्डिंगवाल्याचं मशीन, कोणाचा टीव्ही, कोणाची मोटर. गावाने तोंड मिटावं असं त्याला वाटलं तर उपाय एकच. लाईन जायला हवी.

म्हणून सारं गाव वायरमनला विचारतं, लाईन केव्हा येईल. गजू विचारतो, "भाऊ, आज कवा घालवता?"

वायरमन एकदा माझ्याकडे गहू दळायला आला होता. म्हणाला, "काका, हा पोट्टा काय चीज हाये? लोक मले शिव्या देतात. यानं परवा चहा पाजला. म्हणे, तुमी मस्त दोन तास घालवली, माहं अख्खं गाणं झालं."

राहिली रेल्वे. स्टेशन जवळ आहे, आणि आगगाडी काही वायरमनचं ऐकत नाही. पॅसेंजरच्या वेळा गजूला पाठ होत्या, पण मालगाडीवर त्याचा राग. "तिले टाइमच नाई, काका. भरवसा नसलेली बाई हाये थे." एकदा ऐन कडव्यात तिने भोंगा मारला. मला वाटलं, गेलं गाणं. पण त्याने तो भोंगा तसाच ठेवला. का, तर म्हणे, "बराबर सुरात वाजवला तिनं. काढू कायले?"

त्याचा स्टुडिओ मी पाहिला आहे. खाट उभी करून त्यावर दोन गोधड्या टाकलेल्या. त्यांच्या मधे हा, मांडी घालून, घामाने निथळत. जुना माइक, वाण्याच्या दोरीने खाटेला बांधलेला. माइकपुढे माझ्या बायकोच्या फुटक्या चाळणीचं कडं, त्यावर त्याच्या आईच्या साडीचा तुकडा ताणून बसवलेला. "प म्हटलं की फू लागते, काका. साडी थे फू अडवते." मी म्हटलं, तुझी आई एवढ्या दूर बसून इथे फू अडवते का? तो हसला नाही. कडं थोडं सरळ केलं फक्त.

त्याचे आईबाप दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात, उन्हाळ्यात परत येतात. गजू शाळेत होता तेव्हापासून हंगामभर या खोलीत एकटा. जाताना त्याची आई दरवर्षी चक्कीच्या पायरीशी उभी राहायची आणि म्हणायची, "भाऊ, पोराकडं ध्यान ठेवजा." मी मान हलवायचो. मला मान हलवण्यापलीकडे फारसं कधी जमलं नाही. घरातून भाकरी जायची, पण ती बायको पाठवायची. मी नाही.

आता गाणं सुचतं कसं, ते सांगतो. लेखक लोक म्हणे एकांत शोधतात. गजू माझ्या चक्कीवरच्या रांगेत बसतो. बाया डबे घेऊन उभ्या असतात, चक्कीच्या वर आवाज चढवून बोलत असतात. हा पोत्यावर बसून पाय हलवत ऐकतो. मधेच ताडकन उठतो. "थांबा, थांबा. हे पुन्हा म्हणा."

पहिल्यांदा बाया घाबरल्या. त्यांना वाटलं, भांडणाचा साक्षीदार शोधतो आहे. शांतामावशी तर म्हणाली, "काहून रे मेल्या, माह्या सुनेले सांगतं का?"

त्याच शांतामावशीने एकदा डबा पुढे सरकवत मला म्हटलं, "बारीक दळजा भाऊ, लेक आली घरी." चक्कीवाल्याला हे वाक्य नवीन नाही. जन्मभर ऐकत आलो. बारीक म्हणजे चक्कीचे दगडी पाट जवळ घ्यायचे, एवढाच त्याचा अर्थ मला माहीत. गजू उठला. "मावशी, पुन्हा म्हणा." तिने म्हटलं. "मंग पुढं?" मावशी वैतागली. "पुढं काय? जाडंभरडं त तिकडं खातेच बिचारी."

दुसऱ्या दिवशी लाईन गेली आणि भिंतीपलीकडून आलं:

*बारीक दळजा भाऊ, लेक आली घरी,*
*जाडंभरडं सारं तिकडंच खाते बिचारी.*

माझ्या हातात झाडणी होती. ती तशीच राहिली. माझीही एक लेक आहे, अनसिंगला दिलेली. ती आली की मी पीठ बारीकच दळतो, पण का दळतो ते मला त्या दिवशी कळलं. हे या पोराला कसं कळलं असेल? त्याला ना बहीण, ना लेक. आमच्या तोंडून भुशासारखं उडून जातं ते हा झेलतो, आणि त्याचं असं काही करतो की आपलंच बोलणं ऐकून आपल्याला गप्प बसावं लागतं. मी आजवर पुष्कळ दळलं. असं नाही दळलं.

पण हे मी त्याला सांगितलं नाही. त्याला मी काय सांगायचो, तर, "पोलीस भरतीची जाहिरात आली, पाह्य." तो म्हणायचा, "हाव काका." आणि जाहिरातीच्या कागदाची पुडी करून त्यात शेंगदाणे खायचा.

तो शाळकरी असतानाची एक गोष्ट आहे. लाईन गेलेली. त्याने कुठलंतरी पहिलं गाणं पूर्ण केलं आणि धावत इकडे आला. "काका, कसं वाटलं?" मी ते पहिल्या ओळीपासून ऐकलं होतं. आणि मी म्हणालो, "चक्कीच्या आवाजात काही ऐकू नाई आलं रे."

त्याने चक्कीकडे पाहिलं. चक्की बंद होती. मग माझ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाला आणि गेला. त्यानंतर त्याने कधी विचारलं नाही.

खरं ते आता लिहून टाकतो. लाईन गेली की मी लाकडी स्टूल भिंतीजवळ ओढायचो आणि बसायचो. गाणं संपेपर्यंत हलायचो नाही. मधेच लाईन आली तर बटण दाबायचो नाही. बाहेर बाया ओरडायच्या, "भाऊ, लाईन आली ना?" मी सांगायचो, "मशीनचा पट्टा उतरला." जऊळक्यातल्या समस्त बायांनो, पट्टा कधीच उतरत नव्हता. तुमची पोरं शाळेतून येऊन पोळीसाठी ताटकळली असतील, ते पाप माझं.

इकडे त्याचं नाव हळूहळू गावाबाहेर पडलं. सुरुवातीला त्याने स्वतःला 'गॅझ' म्हणवून घेतलं. बापाने फोनवर विचारलं, हे काय औषध आहे का? मग पुन्हा गजानन झाला. हळदीच्या कार्यक्रमात गायला गेला, तर पोरांनी दुसऱ्याच गाण्याला माइक हिसकावून डीजे लावला. वाशीमला एका गॅदरिंगमध्ये गायला, तिथे मात्र पोरी रडल्या. तो येऊन मला म्हणाला, "काका, काही चुकलं काय माहं?" अमरावतीला गाऊन आला. आणि 'बारीक दळजा' त्याने मोबाइलवर टाकलं ते दूरदूरच्या लेकींनी एकमेकींना पाठवलं. पुण्याच्या कोणा स्टुडिओवाल्यांनी ते ऐकलं. बोलावणं आलं. नीट स्टुडिओत नवं गाणं रेकॉर्ड करायचं, एक दुपार त्याच्यासाठी राखून ठेवलेली. आवडलं तर त्याचा पूर्ण अल्बम ते करणार होते. नाही तर परतीची गाडी.

निघताना तो चक्कीवर आला. उभा राहिला. मी म्हटलं, "डबा घेतला?" म्हणाला, "हाव." एवढंच झालं.

ती दुपार आली. लाईन होती, चक्की जोरात चालू होती, सात-आठ डबे रांगेत. फोन वाजला. गजू. आवाज अगदी बारीक.

"काका, नाई जमून राह्यलं."

"काय झालं?"

"इथं भिंतीले पण स्पंज लावेल हाये. लाईन हाये, तरी आवाजच नाई. कशाचाच नाई. तोंड उघडलं की भेव लागून राह्यलं. हे लोक चांगले हायेत, चहा देऊन राह्यले. पण आता टाइम संपत आला."

मी म्हटलं, "मंग मी काय करू?"

मग म्हणाला, "तुमी स्टुलावर बसा ना."

"कोणत्या?"

"थ्याच. भिंतीजवळच्या. करकरते थे. रेकॉर्डिंगमधी पण येते कधी कधी. मी काढत नाई." घसा साफ केल्याचा आवाज आला. "लाईन गेली की मी पह्यले त्याची वाट पाह्यतो काका. करकरलं की समजते, पलीकडं कोणी हाये. मंगच चालू करतो. लहानपणापासून."

मी फोन हातात धरून उभा होतो. पीठ डब्याबाहेर सांडत होतं.

"फोन चालू ठेवजा," तो म्हणाला. "बोलू नोका. फक्त बसा."

मी बटण बंद केलं. पाट घुमत घुमत थांबले. रांगेतल्या सगळ्या बाया माझ्याकडे पाहू लागल्या. पट्टा उतरला हे शब्द जिभेवर आले होते, सवयीने. मी ते गिळले.

"गजू पुण्यात गाऊन राह्यला," मी म्हटलं. "त्याचं होईस्तोवर चक्की बंद. बसा."

शांतामावशी पोत्यावर बसली, गजूच्या जागेवर. बाकीच्या डब्यांवर टेकल्या.

मी स्टूल भिंतीजवळ ओढलं. बसलो. ते करकरलं.

"काका, चक्की बंद हाये?"

"बंद हाये."

"मंग आता ऐकू येईन तुमाले."

आणि तो गायला. गाणं आईचं होतं. उसाच्या फडात तिचे हात चिरतात आणि ती ते फोनवर सांगत नाही, असं काहीसं. पूर्ण सांगू शकत नाही, कारण अर्ध्यातच मला समोरचं नीट दिसेनासं झालं. बायांपैकी कोणीही नाक ओढलं नाही, पदराने दाबून धरलं असावं. पलीकडच्या त्या स्पंज लावलेल्या खोलीत गाणं संपल्यावर कोणीतरी चहाचा कप खाली ठेवला, तेवढं ऐकू आलं.

मग त्याने विचारलं. इतक्या वर्षांनी. "काका, कसं वाटलं?"

"मी ऐकत होतो रे," मी म्हटलं. "सगळं. पह्यल्या गाण्यापासून."

"बरं," तो म्हणाला, आणि फोन ठेवायचं विसरून गेला.

मी तसाच बसून राहिलो. शेवटी शांतामावशी उठली, डोळे पुसले, डबा पायाने पुढे सरकवला आणि म्हणाली, "झालं असीन त चढवा आता थो पट्टा, भाऊ. रोजचंच हाये तुमचं."