बापू आखणीवाल्यांची एकट्याची खोली

बापू खोलीत आले की पिशवी खाली ठेवायच्या आधी भिंतीवरचं कॅलेंडर उलटं करतात. त्यावर साडीच्या दुकानाची एक हसरी बाई आहे. तिचं तोंड भिंतीकडे. मग आरसा, तो मी आधीच काढून ठेवलेला असतो. मग उशीच्या अभ्र्यावरचा मोर. मी एकदा म्हणालो, "बापू, त्याला डोळा एकच दिसतोय." तर म्हणाले, "एक का असंना, बघतोच ना तो?" अभ्रा उलटा.

मी रोह्याला कुंडलिकेच्या काठी सुट्टीला येणाऱ्या पाहुण्यांचं तीन खोल्यांचं घर सांभाळतो. माझं गाव पार किनवटच्या पलीकडे. सातवीत शाळा सुटली, ती सुटलीच. घर वहिनींचं, त्या ठाण्याला असतात. त्यांनी मला काम दिलं, मागची खोली राहायला दिली. सकाळी देवाला हात जोडतो तेव्हा आधी त्यांचं नाव येतं, मग देवाचं. त्यांचा नियम एकच: वहीत नाव एकाचं, तर माणूस एकच. माझ्या आधीचा माणूस त्यावरूनच गेला. एकाच्या खोलीत त्याने चौघे झोपवले होते. त्यामुळे कुणी नुसतं भेटायला आलं तरी मी आधी डोकी मोजतो.

बापू पेणच्या रामवाडीचे. गणपतीच्या कारखान्यात आखणी करतात, म्हणजे मूर्तीचे डोळे काढतात. अंगाचा रंग, दागिने, पितांबर सगळं बाकीचे करतात. डोळे शेवटी, आणि ते बापूंनीच. तोवर ती माती असते. डोळे काढले की बघायला लागते. ओळीने, फळीवर फळी, सगळ्या बापूंकडे. गणपती गेले की बापू चार दिवस इथे येतात. एकटे. "वर्षभर बघत र्‍हातात रे सगळी. चार दिवस कोन बघायला नको."

मासा आणला तर मुंडी स्वयंपाकघरातच ठेवायची. मी चहा घेऊन गेलो तर माझ्या कपाळाकडे बघून बोलतात. एकदाच चुकून खाली बघितलं आणि म्हणाले, "दत्तू, तुजा डावा डोळा तांदळाएवढा खाली हाय. मूर्ती आसतास तर पुसून परत काडला आसता." मी दोन दिवस मान तिरकी करून फिरलो.

बाकी काही नाही. एकच खुर्ची खिडकीपाशी नदीकडे तोंड करून ठेवतात आणि बसतात. पाण्यावरचं ऊन उलटं येऊन छपराला लागतं, हलतं. मग उठून आडवे होतात आणि ते बघतात. "पान्याला डोलं नसतात," म्हणतात. कधी कधी मीही दारात उभा राहून बघतो. धाटावच्या कंपनीची शिफ्टची बस वाजली की कळतं, दुपार गेली.

गेल्या वर्षी बापू आल्याच्या दुसऱ्या दिवशी काकींचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, फोन आला.

"हायत का आमचे?"

"आहेत."

"एकटेच?"

झालं. घाबरलो की मी नको तेवढं बोलतो. "एकटेच, काकी! देवाशपथ. एक खुर्ची, एक उशी. आरसासुद्धा काढलाय. ती बाई होती, तिचंपण तोंड त्यांनी भिंतीकडे केलंय."

"कोन बाई?"

"कागदाची," मी म्हणालो, पण फोन बंद झाला होता.

तीन वाजता काकी रिक्षातून उतरल्या. हातात पिशवी, काखेत घरची उशी. सरळ खोलीत गेल्या, कॅलेंडर उलटवलं, बाईला नीट बघितलं. "हीच व्हय?" म्हणाल्या आणि परत भिंतीकडे केलं.

बापू खुर्चीतून अर्धे उठले. "गो, तू? अगो, खोली एकट्याची हाय! दत्तू, नियम सांग हिला."

मी सांगितला.

"मी र्‍हायला नाय आले," काकी म्हणाल्या. "बघायला आले."

"काय?"

"तुमाला. चौतीस वर्सं झाली. गनपती येयाच्या आदी मान खाली, गनपती गेले की हिकडं. मागून किती बघायचा मानूस? तुमचा टक्कल पाठ झालाय मला."

मी बाहेर येऊन वहिनींना फोन लावला.

"वहिनी, एकाच्या खोलीत बायको आलीय."

"कुणाची?"

"त्यांचीच."

वहिनी हसल्या. "मग मला काय विचारतोस? त्यांना चालतंय का विचार."

आता नियम नव्हता. बापूच होते. मी दारात जाऊन तसं सांगितलं. बापू नदीकडे बघत राहिले. काकींनी उशी परत काखेत घेतली. "पाचची एसटी हाय पेनला," त्या हळू म्हणाल्या. "रागावनार नाय मी. तुमचे चार दिवस हायत."

पाणी छपरावर हलत होतं. काकी उंबऱ्यापर्यंत आल्या.

"दत्तू," बापू म्हणाले, "दुसरी खुर्ची हाय काय रे?"

मी धावत आणली. मला वाटलं, नदीकडे लावतील. त्यांनी आपली खुर्ची फिरवली आणि ही तिच्यासमोर ठेवली. गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ.

"बघ," म्हणाले.

काकी उशी मांडीवर घेऊन बसल्या आणि बघायला लागल्या. बापूंनी सवयीने त्यांच्या कपाळाकडे नजर लावली. चुळबुळले. मग नजर हळूहळू खाली उतरली आणि तिथेच थांबली.

"डावा तांदळाएवढा खाली हाय तुजा," ते म्हणाले. "आजवर कसा दिसला नाय?"

"मंग? पुसून काडताव काय?"

बापूंनी मान हलवली. "र्‍हाव दे," म्हणाले. "तसाच बरा दिसतोय."

पाचची एसटी पुलावरून गेली. मी वहीत बापूंच्या नावापुढे दोन लिहिले आणि चहाला दोन कप काढले. पण लगेच आत नेले नाहीत.