बाळारामभाऊंची तीन पिस्तुलं

१९९९ सालचा एप्रिल, दुसरा रविवार, सकाळी नऊ. ठिकाण : शहापूर, आमच्या घराची पडवी. हजर : मी, माझ्या सासूबाई, शेजारचे बाळारामभाऊ आणि त्यांच्या अंगावर कुठेतरी एक पिस्तूल. ते नेमकं कुठे आहे हे ओळखणं, एवढंच माझं काम.

"नीट बगा, बाई." बाळारामभाऊ पडवीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. "दिसतंय का?"

"डाव्या कुशीत. बंडीच्या आतल्या खिशात."

"हात्तिच्या!" म्हणत त्यांनी ते बाहेर काढलं आणि माझ्या सुपारीच्या डब्याशेजारी ठेवलं.

पिस्तूल सागाचं होतं. खऱ्याचा परवाना अजून यायचा होता. अर्ज ठाण्याला जाऊन पडला होता. पण परवाना आल्यावर कुठलं घ्यायचं, हे आधी ठरलं पाहिजे, असं भाऊंचं म्हणणं. त्यासाठी ते हत्यारांच्या दुकानात जाऊन आले, तीन नमुने हातात घेऊन बघितले, दुकानदाराकडून तिन्हींच्या कडा वर्तमानपत्रावर आखून घेतल्या आणि आमच्या आळीतल्या सुताराकडून तशीच तीन लाकडी करवून घेतली. लाकूड हलकं पडतं म्हणून मासेमारीच्या जाळ्याला लावतात ते शिशाचे मणी आत ठोकले. तिघांची नावंही ठेवली होती. लांब नळीचं रिव्हॉल्वर ती 'लांबडी', आखूड नळीचं ती 'मधली', आणि गोळ्या मुठीत भरायचं सपाट पिस्तूल ती 'चपटी'.

परीक्षक म्हणून माझी नेमणूक त्यांनीच केली. "तुमी पोरांच्या कॉप्या धरता. तुमाला दिसलं नाय, तर कुनालाच दिसायचं नाय." अठरा वर्षं शाळेत शिकवून मला मिळालेलं हे एकमेव प्रशस्तिपत्रक.

बाळारामभाऊंची ओळख करून द्यायची तर : वय पंचेचाळीस, लग्न नाही, किन्हवलीच्या रस्त्याला भाताची गिरणी. मूळचे मुरबाडकडचे, पण तिकडचा विषय काढला की ते आभाळाकडे बघायचे. स्वभाव संशयी. हॉटेलात भिंतीला पाठ लावून बसायचे आणि चहा आला की आपला कप समोरच्याच्या कपाशी बदलायचे. समोरच्याने ते ओळखून आधीच कप बदलला, तर चहा तसाच सोडून उठायचे. शेणव्याला जायचं असलं की तिकीट किन्हवलीचं काढायचे. "तिकिटाचं गाव आनि उतरायचं गाव एक नको. कंडक्टर कुनाचा मानूस आसंल, काय सांगता येतं?" दाराला दोन कुलपं होती, पण रोज त्यातलं एकच लावायचे. कुठलं लावलंय हे चोराला कळू नये, हा हेतू. ते कुठलं लावलंय हे संध्याकाळी त्यांनाही आठवायचं नाही.

"हसनारा मानूस वाईट," हे त्यांचं आवडतं वाक्य. सासूबाई ते ऐकून हसायच्या, आणि भाऊ त्यांच्याकडे तिरक्या नजरेने बघायचे.

काम हातात घेतलं की मी नीट करते. शाळेची एक जुनी हजेरीवही काढली. डावीकडे तीन पिस्तुलांची नावं लिहिली, वर रकाने पाडले : चालणे, मांडी घालून बसणे, उकिडवे बसणे, एसटीत चढणे, पंगतीत वाढणे. लांबडी मांडी घालतानाच गेली. तिची नळी मांडीत रुतली आणि भाऊ कळवळून ताठ झाले. मधली मांडीत टिकली, पण तिचं गोल चक्र शर्टाबाहेर गळवासारखं दिसायचं. चपटीवर माझी भिस्त होती. तिने एसटी स्टँडवर घात केला. पायजम्याच्या नाडीला शिशाचं वजन पेललं नाही. भाऊ पायरीवर पाय ठेवायला आणि पायजमा खाली यायला एकच गाठ पडली. मागची बाई ओरडली, "ओ दादा, गाडीत चढा, न्हाणीत नाय!"

दुसऱ्या दिवशी भाऊ कातडी पट्टा घेऊन आले आणि पायजम्यावरून आवळून बसले. मी वहीत शेरा लिहिला : 'पट्टा दिसतो. लोक पट्टा बघतात, म्हणून पिस्तूल बघत नाहीत. बरा उपाय.'

इथवर सगळं ठीक होतं. पुढच्या आठवड्यात भाऊंनी स्वतःहून एक रकाना वाढवायला सांगितला : 'वाकून नमस्कार'.

त्या दिवसापासून ते रोज सकाळी माझ्या सासूबाईंच्या पाया पडू लागले. सासूबाईंना आधी संकोच वाटला, मग सवय झाली, मग त्या साडेआठलाच लुगडं सारखं करून पडवीत येऊन बसू लागल्या. भाऊ वाकायचे आणि तसेच वाकलेले राहायचे.

"आजी, पाठीवर हात फिरवा."

"शंभर वर्सं जग, बाबा."

"आशीर्वाद ऱ्हाऊ दे. हाताला काय लागलं?"

"हे काय कडक? मणका सरकलाय का रे तुझा?"

"नापास," म्हणून भाऊ चपटी काढायचे आणि मधली खोचायला आत जायचे. पाठीशी तिन्ही नापास झाली. मग त्यांनी पुढे पोटाशी लावून बघितलं आणि सासूबाईंना म्हणाले, "आता जवळ घ्या." ऐंशीच्या घरातल्या बाईने शेजारच्या बाप्याला जवळ घ्यायचं, यावर आमच्या पडवीत बराच विचार झाला. शेवटी घेतलं. पुन्हा नापास.

आता मात्र माझी पेन्सिल थांबली. चोर काही पाया पडून घेत नाहीत, आणि दरोडेखोर पाठीवरून हात फिरवत नाहीत. हा माणूस भरलेलं पिस्तूल लपवून कुणाच्या पायाशी वाकणार होता?

उत्तर बुधवारी पोलीस ठाण्यातून आलं. परवान्याच्या चौकशीसाठी हवालदार शेजाऱ्यांचे जबाब घेत होते. माझ्या हाती कोरा कागद देऊन म्हणाले, "बाई, तुम्ही शिकलेल्या. तुमचा जबाब वजनाचा. या माणसाला हत्यार द्यावं का?"

"मला काय विचारता? तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटून काय? निवडणूक आली की ते आमच्याकडेच जमा करावं लागणार. तसं यांना सांगितलं तर उलट मलाच विचारतात, त्या महिन्यात कुनी मला मारलं तर? मी म्हटलं, त्या महिन्यात मारणाऱ्याचंही आमच्याकडे जमा असतं." हवालदार हसले. मग हसू आवरून म्हणाले, "याचा मुरबाडला थोरला भाऊ आहे, माहिती आहे ना? आठ वर्षांपूर्वी बांधावरून वाद झाला. थोरल्याने कोयता उगारला होता. पुन्हा उंबऱ्यात पाय टाकलास तर तोडीन, म्हणाला. आता त्याच घरात या महिन्यात लग्न आहे. म्हणून विचारतो."

मी जबाबासाठी चार दिवस मागून घेतले. रात्री हजेरीवही उघडली. चालणे, बसणे, पंगत, नमस्कार. मुलांच्या कॉप्या पकडणाऱ्या माझ्या नजरेला सगळा बेत आता स्पष्ट दिसत होता. लग्नघरात शिरायचं, पंगतीला बसायचं, थोरल्याच्या पायाशी वाकायचं, आणि... मी वही मिटली. या खुनाची तालीम माझ्या पडवीत, माझ्या शेऱ्यांसकट झाली होती.

सकाळी भाऊ आले तसं मी सरळ विचारलं. "तुम्ही मुरबाडला भावाला मारायला चाललाय का?"

ते इतके दचकले की चपटी त्यांच्या पायावर पडली.

"मी? दादाला?" ते अंगठा धरून पायरीवर बसले. "तोच मला मारंल, बाई, म्हनून तर हे घ्यायचं. नायतर कशाला?"

"मग जाऊच नका."

"पुतनीचं लगीन हाय. वयनीनं बोलावलंय." त्यांनी बंडीतून पत्रिका काढली. घडीवर घडी घालून तिच्या कडा फाटल्या होत्या. छापलेल्या मजकुराखाली वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं होतं, 'बाळ्या तू येशील तेवाच हळद लावीन.'

सासूबाईंनी मला ती ओळ दोनदा वाचायला लावली.

"मी चार वर्सांचा व्हतो, आय गेली," भाऊ म्हणाले. "वयनी नवीन आलेली, सोळा वर्सांची आसंल. तिनंच वाडवला. तिची एक खोड हाय. पाया पडलो की पाठीवरून हात फिरवती आनि हाडं मोजती. 'किती वाळलास रे बाळ्या,' म्हनती. मी कितीबी जाडा आसलो तरी म्हनती. मग जवळ घेती." त्यांनी पत्रिकेची पुन्हा घडी घातली. "पाठीला लावलं तर तिच्या हाताला लागंल. पोटाला लावलं तर जवळ घेताना लागंल. तिला कळलं, का मी तिच्या घरी हत्यार घेऊन जेवाया आलो, तर तिनं काय करायचं? दादाला दिसू नये आनि वयनीला लागू नये, आसं पायजे. दुकानदाराला बी सांगितलं. तो म्हनला, तसलं हत्यार आजून निघालं नाय."

आठ वर्षं चहाचे कप बदलणारा, दोन कुलपांचा हा माणूस साऱ्या मुलखात एकाच बाईला भीत होता, आणि तेही तिच्या तळहाताला टोचू नये म्हणून.

सासूबाई पदर खोचत उठल्या. "मी येते तुझ्यासंगं."

"आजी, तिथं कोयता हाय."

"असू दे. म्हातारीला मध्ये घालून कोण कोयता चालवतो, बघते. मला गाडीत चढताना हात दे, तेवढं कर. आणि तो पट्टा सोड, येड्यासारखा दिसतो."

भाऊंनी पट्टा सोडला. तिन्ही पिस्तुलं सासूबाईंनी उचलून फळीवर मसाल्याच्या बरणीमागे टाकली. मी नवीन पान घेतलं, कारण आता मला नीट कळेल असं काम समोर होतं. पुतणीला साडी : घेतली. भाऊंचे कपडे : धुऊन इस्त्रीला. सासूबाईंची गोळ्यांची पुडी : बांधली. मुरबाडची सकाळची एसटी : वेळ विचारून आले, तिकीट मुरबाडचंच काढायचं असं भाऊंकडून कबूल करून घेतलं. हवालदारांचा कागद : भाऊच अर्ज मागे घेतो म्हणाले, तेव्हा तोही सुटला.

उरलं एक पोस्टकार्ड. येतो म्हणून वहिनीला कळवायचं होतं, म्हणजे ती हळद थांबवून बसणार नाही. पत्त्याची बाजू मी लिहून दिली. मजकूर त्यांच्याच अक्षरात हवा, असं मी बजावलं.

त्यांनी 'ती. वयनीस' एवढं लिहिलं. मग पेन कानामागे लावलं, काढलं, पुन्हा लावलं. चहा दोनदा झाला. दुसऱ्या वेळी कप बदलायचंही त्यांच्या लक्षात राहिलं नाही. पोस्टाची पेटी चारला उघडायची. साडेतीन वाजले होते. कार्ड मांडीवर होतं, आणि 'वयनीस' या शब्दाखाली अजून काहीच नव्हतं.