चिंतामणी अडकला कूलरमागे

"अवं, ज्या माणसानं उभ्या दारव्हा तालुक्यातल्या लग्नांत माईक लावले, त्याले हे इवलंसं वायफाय काय चीज आहे!"

असं म्हणून वामनरावांनी बैठकीतल्या राउटरवर थाप मारली. हिरवे दिवे लुकलुकले. साउंड सर्व्हिसमध्ये हयात घालवलेला माणूस! पण आवाज जायचा तर वायर लागते, एवढंच त्यांना ठाऊक. हे बिनवायरीचं प्रकरण पाहून ते मनातल्या मनात रोज हात जोडत. मोठ्यानं मात्र, "काय चीज आहे!"

त्या दिवशी इंदूबाईंच्या भावाच्या पोराचं बारसं होतं. पोरगं जर्मनीत आणि आत्या दारव्ह्यात! एकुलती एक आत्या! नाव तिनंच ठेवायचं, पोराच्या कानात कुर्र करून. त्यांनी ते नाव कळंबच्या गणपतीला बोलून ठेवलं होतं आणि नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. पोटात ठेवून ठेवून बाईंचा जीव नुसता फुगला होता.

दुपार रणरणत होती. इंदूबाई शालू नेसून आतल्या खोलीत, गणपतीच्या फोटोपुढे बसल्या. दारात भला थोरला पत्र्याचा कूलर काठोकाठ पाणी भरून घुमत होता. फोनमध्ये भाऊ दिसला, सुनील. मग त्याची बायको निकिता. मग दुपट्यातलं पोर! इवल्या मुठी, इवली जांभई!

"वामनराव," असं कधी नव्हे ते नाव घेऊन इंदूबाई म्हणाल्या, "जर्मनीतली जांभई दिसून राह्यली हो मले!"

वामनरावांच्या अंगावर काटा आला.

सुनीलनं फोन पोराच्या कानाला लावला. इंदूबाईंनी डोळे मिटले. "कुर्र... चिंता..."

आणि फोन गप्प! पडद्यावर नुसतं गोल गोल चाक फिरतंय!

"थांब व, मी पाह्यतो," म्हणत वामनराव फोन घेऊन बैठकीत धावले. तिथं नेट एकदम खणखणीत! सुनील ओरडत होता, "भाऊजी, ताईले सांगा, चिंता नको करू म्हणा! 'चिंता' म्हणाली अन गेलीच!"

"अरे, मी कायले चिंता करू!" इंदूबाई आतून किंचाळल्या. "नाव सांगून राह्यली मी!"

"चिंता?" निकिताचा चेहरा पडला. "पोराचं नाव चिंता?"

वामनरावांनी फोन आत आणला. नेट गेलं! बाहेर नेला. आलं! आत, गेलं!

"हे नेट तुमाले पाहून येते अन मले पाहून लपते!" इंदूबाई रडकुंडीला आल्या.

"मंग तूच ये बैठकीत."

"अन गणपतीले पाठ दाखवू? त्याच्यासमोरच नाव ठेवीन म्हणून बोलली मी!"

वामनराव पुन्हा बैठकीत गेले तर सुनीलचा घाईचा आवाज. "भाऊजी, मुहूर्त टळून राह्यला. नाही जमलं तं निकिताची मैत्रीण आहे अठी, सुरभी. ते होते म्हणते आत्या."

हे आत ऐकू गेलं. मानलेली आत्या! इंदूबाईंनी बसल्या जागेवरून कूलरच्या आडून बाहेर पाहिलं. इतकी गरीब दिसलेली बायको वामनरावांनी संसारात पाहिली नव्हती.

"सुनील! फोन पोराच्या कानालेच धरून ठेव! हलवशील तं याद राख!"

फोन बायकोच्या हाती देऊन त्यांनी माळ्यावरून माईकचा जुना स्टँड काढला, राउटर त्यावर सुतळीनं बांधला आणि वरात निघाल्यासारखा तो दाराकडे नेला. पण दारात कूलर! म्हणून त्यांनी खांदा लावून कूलर रेटला. पाणी डुचमळलं, अर्धं त्यांच्या पायजम्यावर आलं, कूलर बाजूला सरकला...

"आला! सुनील आला!" इंदूबाई ओरडल्या.

वामनराव ओलेचिंब, आ वासून उभे. भिंती पार करून जर्मनीपर्यंत जाणारी चीज, पत्र्याच्या डब्यातल्या पाण्यानं अडवली! "काय पण देवाची करणी!" आवाज पोचतो का, हे तर पाहायलाच हवं. त्यांनी बायकोच्या हातून फोन घेतला, बोटानं टकटक केली आणि जन्माच्या सवयीनं गरजले,

"हॅलो! हॅलो! माईक टेस्टिंग! वन, टू, थ्री!"

तिकडे खसखस पिकली. मग सुनीलचा बारीक आवाज. "भाऊजी... कानात गेलं ते. पण हासला पाहा!"

खरंच! दात नसलेलं ते बोळकं पसरलं होतं. आपला आवाज समुद्रापलीकडच्या एवढ्याशा कानात पोचला, या कल्पनेनं वामनरावांचे डोळे भरून आले.

इंदूबाईंनी फोन हिसकला. गणपतीकडे तोंड करून, श्वास न घेता म्हणाल्या, "कुर्र, चिंतामणी!"

कळंबच्या गणपतीचं सगळंच्या सगळं नाव पोचलं! तिकडे टाळ्या पडल्या. निकिता हसून म्हणाली, "ताई, नाव ठेवल्यावर आत्याच्या पाठीत धपाटे घालतात ना? तुमाले तिथं कोण घालन?"

"मायी पाठ राहू दे," म्हणत इंदूबाई पदर खोचून वामनरावांकडे वळल्या. "नाव आधी ठेवलं यायनं, 'माईक टेस्टिंग'!"

बारशाला धपाटे आत्यानं खायचे असतात. दारव्ह्यात त्या दिवशी ते आत्यानं घातले.