कोपर मुक्कामी उताण्या पडलेल्या हत्तींची हकीकत

श्रीगणरायास आणि सुईच्या नेढ्यास वंदन करून, बाळगोपाळ दुपारचे निजले आहेत तोवरच ही हकीकत लिहावयास घेतली आहे, सबब एखादे वाक्य अर्धे राहिल्यास वाचणारांनी पोर उठले असे समजावे आणि क्षमा करावी. अखंडितलक्ष्मीअलंकृत सौभाग्यवती मैथिलीबाईसाहेब पिशवीकर, वास्तव्य कोपर, सुभा डोंबिवली पश्चिम, यांनी कापडी पिशव्यांची जी थोर मोहीम केली तिची बखर कोणी तरी लिहावी अशी बाईंची फार इच्छा. परंतु घरात विचारपूस करिता कोणास सवड नाही, मग आपली बखर आपणच लिहावी ऐसे बाईंनी मुक्रर केले. म्हणजे सरकारही तेच आणि बखरनवीसही तेच. यात स्तुती असेल ती पदरची समजावी, फजिती मात्र सर्व अस्सल आहे.

पेशजी बाईसाहेब ठाण्यास एका कचेरीत चाकरीस होत्या. मग युवराज अद्वयराजे जन्मास आले, आणि मग कन्यारत्न क्षिप्राराजे जन्मास आल्या, आणि दोन गाद्या सांभाळून चाकरी निभेना, तेव्हा बाईंनी कचेरीस रामराम ठोकिला आणि काही काळ गॅलरीत उभे राहून वाळत घातलेल्या लंगोटांची टेहळणी केली. मग एके दिवशी माळा साफ करिता जुन्या चादरीत गुंडाळलेले शिवणमशीनचे धड सापडले. मशीन सासूबाईंचे, म्हणजे मातुश्री वासंतीबाईसाहेबांचे. त्याचे लोखंडी पाय गॅलरीत तुळशीच्या कुंडीखाली ताबेदारीत उभे होते हे सर्वांस ठाऊक. धड मात्र बाईंचे यजमान राजश्री स्वानंदराव जन्मले त्या साली माळ्यावर गेले ते गेलेच. बाईंनी तुळस हलविली, धड पायांवर बसविले, तेल घातले, नवा पट्टा चढविला. सासूबाईंनी जाता येता हे सर्व पाहिले.

मग पिशव्यांचा कारखाना सुरू जाहला. कारखाना म्हणजे हॉलचा एक कोपरा, आणि त्या कोपऱ्यावर युवराजांच्या स्वाऱ्या नित्य येत. खडूने कापडावर रेघ ओढावी तो युवराजांनी शेजारी दुसरी ओढावी, कात्री शोधावी तो ती खेळण्यांच्या डब्यात कैद असावी, आणि बाई खेकसल्या म्हणजे युवराजांनी भोकाड पसरून आजीच्या दरबारी फिर्याद न्यावी. क्षिप्राराजे तेव्हा तान्ह्या. त्यांचा पाळणा मशीनच्या शेजारी, त्यामुळे मशीनची घरघर हीच त्यांची अंगाई ठरली. मशीन चालू असता त्या ढाराढूर निजत आणि मशीन थांबले की टक्क जाग्या होत. बाई यास आपली मुत्सद्देगिरी म्हणत आणि सोसायटीत सांगत सुटत. हीच मुत्सद्देगिरी पुढे बाईंच्याच अंगाशी कशी आली ते यथाक्रम येईल.

ऐशियास, माजिवड्याच्या एका गगनचुंबी गढीवर बाविसाव्या मजल्यास प्राचीबाई म्हणून बाईंच्या कचेरीतील जुन्या स्नेही राहतात. त्यांनी बाईंच्या पिशवीची तसबीर फोनवर पाहिली आणि हुकूम पाठविला की, आमचे संक्रांतीचे हळदीकुंकू ऐन रथसप्तमीस योजिले आहे, वाणास तुमच्या हातच्या चाळीस पिशव्या पाहिजेत, सर्व एकसारख्या. बाईंना अस्मान ठेंगणे जाहले. आजवर पिशव्या घेतल्या त्या नणंदेने, मावशीने आणि भिडस्त शेजारणींनी. घराबाहेरची ऐसी मोठी मागणी ही पहिलीच. आणि रथसप्तमीनंतर हळदीकुंकू करीत नाहीत हे सर्वांस विदित, त्यामुळे एक दिवसही पुढे ढकलण्याची सोय नव्हती.

याच सुमारास युवराजांच्या टाचेत टाचणी शिरली. रक्ताचा एक थेंब आला, परंतु आक्रोश ऐसा की खालच्या मजल्यावरील देवराम आजोबा काठी टेकीत वर आले. मातुश्रींची खप्पामर्जी जाहली आणि त्यांनी फर्माविले की, आज टाच, उद्या धाकटीने टाचणी तोंडात घातली तर काय करावे, पोरे मोठी होईतो मशीन माळ्यावर जावे. बोलणे रास्त होते. रास्त बोलण्याचाच बाईंना राग फार. त्या रागाच्या भरात प्रतिज्ञा करित्या जाहल्या की, एवढी रथसप्तमीची मोहीम होऊ द्या, ती फसली तर हे मशीन मी माझ्या हाताने माळ्यावर नेऊन ठेवीन आणि पुन्हा नाव काढणार नाही. सासूबाईंनी बरे म्हटले. बाई आत जाऊन पाणी प्यायल्या आणि ऐसी जीभ देवाने का दिली म्हणून त्यांनी आपल्यास चार शिव्या घातल्या.

मग कल्याणास जाऊन कापड आणिले. मोरपंखी रंग, त्यावर पांढऱ्या हत्तींचे छाप, हत्तीवर अंबारी, अंबारीपुढे माहूत. दुकानदार धोंडिबा म्हणाला की, ताई, ताग्यात एवढेच उरले आहे. बाईंनी सर्व उचलिले आणि नकशा आखिला. नकशाची करामत ऐसी की, पुढची आणि मागची बाजू वेगळी न कापता एकच लांब पट्टा घ्यावा, मधोमध घडी घालावी, घडी तळाशी यावी आणि दोन बाजू शिवाव्या. तळास शिवण म्हणून नाहीच. बाई या शोधावर ऐशा खूश जाहल्या की त्यांनी फोनवर स्टेटस चढविला, तळाला शिवण नाही, फाटण्याची भीती नाही. पिशव्यांमागून पिशव्या शिवल्या, प्रत्येकीची पुढची बाजू वर करून ढीग रचिला, आणि पुढच्या बाजूच्याच तसबिरी प्राचीबाईंस धाडिल्या. वरची पट्टी आणि धरायचे बंद तेवढे राहिले आणि रथसप्तमीस चार दिवस उरले, तेव्हा बाई कमरेवर हात ठेवून गजदळाची पाहणी करीत उभ्या राहिल्या.

तो युवराज एक पिशवी डोक्यात घालून दौडत आले. पिशवीची पाठ बाईंच्या समोर आली आणि युवराज आतून म्हणाले,

"आई, मागचे हत्ती पडलेत."

बाईंनी काहीबाही सांगून त्यास वाटेस लाविले आणि मग पिशवी पाहिली. मग दुसरी पाहिली. मग ढीगच उपसला. एका अंगास हत्ती डौलाने चालत होते आणि दुसऱ्या अंगास चारी पाय वर करून उताणे पडले होते, अंबाऱ्या खाली आणि माहूतही डोके खाली, पाय वर. एकाच पट्ट्याची तळाशी घडी घातली म्हणजे मागचे चित्र उलटे होणारच, हे पोरासही कळावे, आणि कळले ते पोरासच. चाळीसच्या चाळीस पिशव्यांत लढाई न होता गजदळ गारद जाहले. बाईंनी ज्या स्टेटसची फुशारकी मारिली तो आधी पुसून टाकिला. बखरनवीसास सांगणे भाग आहे की, पिशव्यांआधी बाईंनी अब्रू वाचविली.

मसलत बसली. धोंडिबास फोन केला तो ताग्याची एक चिंधीही शिल्लक नाही. स्वानंदराव त्या दिवशी घरूनच चाकरी करीत होते. ते लॅपटॉपवरून मान न काढिता म्हणाले की, मागची बाजू कोण पाहतो. बाईंनी त्यांच्याकडे ऐसे पाहिले की ते मीटिंग आहे म्हणून आतल्या खोलीत कूच करिते जाहले. उपाय एकच होता, सर्व पिशव्या उसवाव्या, तळाची घडी कापावी, मागचा तुकडा सरळ करून तळाशी शिवण घालावी आणि बाजू पुन्हा शिवाव्या. पिशवी दोन बोटे आखूड होईल आणि वेळ फक्त दुपारचा, पोरे निजतात तेवढाच. तरी बाईंनी उसवणी हाती घेतली.

आणि येथेच ती मुत्सद्देगिरी उलटली. शिवण्यास आवाज असतो, उसवण्यास नसतो. मशीन गप्प, घर गप्प, बाई टाकामागून टाका उचलीत आहेत, तो क्षिप्राराजे टक्क जाग्या. घरघर का थांबली याची चौकशी करावयास त्या रांगत आल्या आणि उसवलेल्या हत्तींवर बैठक मारून दोरे तोंडात घालू लागल्या. पुन्हा निजविल्या, पुन्हा उठल्या. सारी दुपार गेली आणि जेमतेम दोन पिशव्या उसवल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी स्वानंदरावांनी प्रायश्चित्त म्हणून मशीनचा आवाज फोनमध्ये भरून पाळण्याशेजारी लाविला. कन्यारत्न निजले. सरदार स्वानंदराव मिशीवर ताव देणार तोच त्या फोनवर कर्ज हवे का म्हणून कोणा बँकेचा फोन आला आणि दोन्ही पोरे एकदम उठली. त्या दिवशीही काम पुढे गेले नाही. बाई उसवलेले कापड मांडीवर घेऊन बसल्या आणि माळ्याच्या दाराकडे पाहत राहिल्या. खरे सांगावयाचे तर त्या रडल्या, पण पोर मांडीवर असता रडावयाचे म्हणजे तेही हळूच.

तिसऱ्या दुपारी सासूबाई आपली वामकुक्षी सोडून आल्या. त्यांनी मशीनपुढे स्टूल ओढिले, सुईतला दोरा काढून घेतला, कापड नाही, काही नाही, आणि पायडल मारू लागल्या. मशीन रिकामेच घरघरू लागले. पाळण्यातली हालचाल थांबली. बाई पाहतच राहिल्या, तेव्हा मातुश्रींनी मानेनेच उसवणीकडे खूण केली आणि पुढे पाहात म्हणाल्या,

"वर ठेवताना मी पण हेच म्हटलेलं गं. पोर मोठं झालं की काढू."

पोर आतल्या खोलीत मीटिंगमध्ये बोलत होते, त्याच्या डोक्यावरचे केस मागे सरू लागले होते, आणि मशीन आजवर उतरले नव्हते. बाईंनी उसवणी उचलली. सासूबाई मशीन रिकामे चालवीत राहिल्या आणि सूनबाई उसवीत राहिल्या, आणि त्या दुपारी ऐसी झुंज जाहली की सर्व ढीग उसवून निघाला. चौथ्या दिवशी बाईंनी मशीनचा ताबा घेतला, मग शिवण्याच्या आवाजात कन्यारत्न आपले आपण निजले, आणि सासूबाईंनी बंद कापून कापून दिले, आणि स्वानंदरावांनी दोरे तोडिले, आणि युवराजांस प्रत्येक पिशवी दोन्ही अंगांनी तपासून हत्ती उभे आहेत की पडले आहेत हे सांगण्याच्या कामी नेमिले. संध्याकाळचा दिवा लागेतो सारे हत्ती आपापल्या पायांवर उभे राहिले.

रथसप्तमीस सकाळी गाठोडे बांधून बाई आणि स्वानंदराव स्कूटरवर स्वार जाहले. स्वानंदरावांस आपल्या वाटांच्या माहितीची घमेंड फार, त्यांनी शीळफाट्याचा रस्ता धरिला, आणि शीळफाट्यावर ट्रकांनी ऐसा वेढा दिला की मागे जाता येईना आणि पुढेही. बाई गाठोडे मांडीवर दाबून बसल्या. अखेर वेढा फुटला आणि दोघे माजिवड्यास पोहोचले. बाविसाव्या मजल्यास लिफ्ट चढेतो बाईंस एकच धास्ती, की दोन बोटे आखूड हे प्राचीबाई ओळखणार.

प्राचीबाईंनी वरची एक पिशवी पाहिली, छान झाल्यात म्हणाल्या, आणि बाकीच्या न पाहताच तिळगुळाच्या पुड्या भरावयास घेतल्या. बाईंस राहवेना. त्यांनी आपणहून एक पिशवी उचलून तिची मागची बाजू प्राचीबाईंच्या डोळ्यांपुढे धरिली. प्राचीबाई म्हणाल्या की, हो हो, दोन्हीकडे हत्ती आहेत, आणि चहा ठेवावयास गेल्या. चार दिवसांच्या संग्रामाची दाद ती एवढीच. संध्याकाळी सुवासिनी येतील, वाण लुटतील, त्याच पिशव्यांत उद्या मेथीच्या जुड्या पडतील आणि हत्तींची पाठ कोणी पाहणार नाही, हे बाईंस कळून चुकले. मशीन तेवढे वाचले, ऐसे मनास समजावीत त्या परत निघाल्या.

कोपरास जिना चढता चढताच मशीनची घरघर ऐकू आली. बाईंनी तर्क केला की, कन्यारत्न निजले असावे आणि सासूबाई तिची झोप राखण्यास मशीन रिकामे चालवीत असाव्या. म्हणून चपला हातात घेऊन चोरपावलांनी आत शिरल्या. तो क्षिप्राराजे जमिनीवर बसून वाटीवर चमचा आपटीत आहेत, युवराज त्यांस हत्ती काढून दाखवीत आहेत, कोणीही निजलेले नाही, आणि मशीन चालूच आहे. मातुश्रींच्या मांडीवर त्याच मोरपंखी कापडाचा, बंद कापून उरलेला तुकडा होता, हत्तींची तोंडे नीट वर करून धरलेला. मान वर न करिता त्या म्हणाल्या,

"आलीस? जरा दोरा ओवून दे. मला नेढं दिसत नाही. रिकामं किती चालवू?"

सबब आजरोजी नोंद करण्यात येते की, मशीन माळ्यावर जाणे नाही, टाचण्यांस झाकणाचा डबा नेमून दिला आहे, दुपारचा पहिला अंमल मातुश्री वासंतीबाईसाहेबांचा, त्यामागून सूनबाईंचा, आणि तुळशीस स्वानंदरावांनी नवे स्टूल आणून द्यावे, शीळफाट्याने न जाता. दोरा मैथिलीबाईसाहेबांनी स्वहस्ते ओविला. पहिल्या खेपेस ओवला गेला नाही, कारण त्यांसही नेढे दिसेना, डोळे भरून आले होते. दुसऱ्या खेपेस ओवला गेला, आणि फत्ते जाहली.