विवेकनं चहा घेतला नाही

आकांक्षानं चहाचा ट्रे पुढे केला आणि नागपूरहून तिला पाहायला आलेल्या विवेकनं हात जोडून सांगितलं, "मी चहा घेत नाही." झालं! पाहायला आलेल्यानं मुलीच्या हातचा चहा नाकारायचा म्हणजे मुलगीच नाकारायची, हे आर्वीत कोणाला सांगावं लागत नाही. आकांक्षाचा चेहरा एवढासा झाला. आजवर चार स्थळं तिनं नाकारली होती. हे पहिलंच तिच्या मनात भरलं होतं.

तिच्या वडिलांचा, बापूरावांचा, जीव कासावीस झाला. "काऊन जी, साखर जास्त झाली का?"

"नाही काकाजी. आमच्या चर्चमध्ये चहा चालत नाही."

"मंग कॉफी आन वं," आई विमलाबाई म्हणाल्या.

"कॉफीही चालत नाही, काकू."

बापूराव चक्रावले. चाळीस वर्षं ते चर्चला जात होते. उपासना संपली की तिथं चहाच तर मिळायचा; काही मंडळी तर खास त्यासाठीच यायची. "कोनतं चर्च हाय तुमचं?"

विवेकनं नाव सांगितलं. ते इतकं लांबलचक होतं, की ऐकतानाच बापूरावांना दम लागला. "लोक आम्हाला मॉर्मन म्हणतात," तो म्हणाला.

बापूरावांनी अंगणात जाऊन पाळकसाहेबांना फोन लावला. "साहेब, मॉर्मन आपल्यात मोजते का?"

"नाई मोजत. ते बायबलसंगं आनखी एक पुस्तक मानते. बाप, पुत्र, पवित्र आत्मा, तिघं येगयेगळे म्हनते. त्यायचा बाप्तिस्माही आपन धरत नाई."

बापूराव तोंड पाडून आत आले. "साहेब म्हनते, तुम्ही ख्रिस्ती नाई."

"चर्चच्या नावातच येशू ख्रिस्त आहे, काकाजी. प्रार्थनाही त्याच्याच नावानं करतो. आणखी काय केलं म्हणजे ख्रिस्ती होतो?"

आता आली का पंचाईत! बापूरावांनी जरा चाचपून पाहिलं. "दारू?"

"नाही."

"खर्रा?"

"नाही."

बापूरावांनी आपल्या खिशातली तंबाखू-सुपारीची पुडी हळूच आत ढकलली.

"पाळक दर रविवारी जे जे सोडा म्हनते, ते यानं सारं सोडलं," विमलाबाई म्हणाल्या. "आन ख्रिस्ती तुम्ही."

तेवढ्यात आकांक्षानं पहिल्यांदा तोंड उघडलं. "मले सकाळी दोन कप लागते. माह्या च्या सुटनार नाई."

"तुम्ही प्या ना," विवेक म्हणाला. "मला प्यायची मनाई आहे, करायची नाही. सकाळी मीच करून देत जाईन."

विमलाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. एकतीस वर्षांच्या संसारात या माणसाला चहापत्तीचा डबा कोणता ते माहीत नव्हतं.

"फोन लावा साहेबाले," त्या म्हणाल्या. "आन स्पीकरवर ठेवा. बायकोले च्या करून देनारे आपल्या चर्चात कितीक मोजते, ते इचारा."

बापूरावांनी मुकाट विचारलं. पाळकसाहेब एकेक नाव आठवू लागले. मग त्यांच्या मागून पाळकीणबाईंचा आवाज आला.

"बापूरावजी, लग्नाची तारीख धरा. पोरगं हातचं जाऊ देऊ नोका."