टक्कर नसलेली सहल

खिशातला एक पैसाही न वेचता साऱ्या कुटुंबाला सहलीला नेता येते, हा सिद्धान्त वेळापत्रक-सरांनी एका सकाळी न्याहारीच्या टेबलावर मांडला. कुणी आक्षेप घेतला नाही, तेव्हा तो सिद्ध झाला असेही त्यांनी तिथेच धरून टाकले.

सर एका मोठ्या शाळेचे पर्यवेक्षक होते. छत्तीस वर्ग, अठ्ठेचाळीस शिक्षक आणि चित्रकलेचे एकच दालन, यांची मोट ते एकतीस वर्षे बांधत आले होते. एका दालनाच्या दाराशी एकाच वेळी दोन वर्ग येऊन उभे राहिले, असे त्यांच्या कारकिर्दीत एकदाही घडले नव्हते. अशा प्रसंगाला ते टक्कर म्हणत, आणि तो शब्द अशा स्वरात उच्चारत की ऐकणाऱ्याला ते एखाद्या साथीच्या रोगाचे नाव वाटावे.

सहलीचे भांडवल होते क्रेडिट कार्डावर साठलेले पॉइंट. चार वर्षे घरात आलेली प्रत्येक वस्तू, साबणापासून शिवणयंत्रापर्यंत, सरांनी त्या कार्डावर घेतली होती. कार्ड चालत नाही म्हणणाऱ्या दुकानातून ते भरलेली पिशवी रिकामी करून परतत. आता ते पॉइंट महिनाअखेर बाद होणार होते.

सरांच्या पत्नी रुग्णालयात परिचारिका होत्या आणि नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. पाळीच्या नोकरीमुळे त्यांचे अर्धे आयुष्य झाकून ठेवलेले ताट गरम करून खाण्यात गेले. मुलगा एक्स-रे विभागात लागला, त्यालाही पाळी. थोरली प्रयोगशाळेत रसायने तपासत असे. तिला परदेशी नोकरी मिळाली होती आणि दोन महिन्यांनी ती तीन वर्षांसाठी जाणार होती. म्हणून बाईंनी एकच मागणे मागितले. जागा कुठलीही असो. पाच दिवस चौघांनी दोन वेळा एका टेबलाशी बसून जेवायचे. तिकडे गेल्यावर लेकीला आठवायला काहीतरी हवे, एवढेच त्या म्हणाल्या.

सरांनी मान डोलावली आणि ते कामाला लागले. सहल कुटुंबाला मानवणारी हवी, म्हणून त्यांनी प्रत्येकाची स्वतंत्र मुलाखत घेतली. बाईंचे गुडघे दुखत, त्यांना जिना नको होता. थोरलीला वल्हवायला नाव हवी होती. मुलाला दुपारपर्यंत झोपू देणारी शांतता हवी होती. चार संध्याकाळी खर्चून सरांनी तळ्याकाठचे असे एक हॉटेल हुडकले, जिथे उद्वाहन होते, नावा होत्या, भिंती जाड होत्या आणि सरांच्या समाधानासाठी जेवणाच्या वेळा काटेकोर होत्या.

घोडे पेंड खाऊ लागले ते पॉइंटांपाशी. चौघांच्या दोन खोल्या घेतल्या तर ते तिसऱ्या दिवशीच संपत. एकट्या माणसाची खोली मात्र आश्चर्य वाटावे इतक्या थोड्या पॉइंटांत मिळत होती. सरांनी चौकटींचा कागद पुढे ओढला, आणि मग एकतीस वर्षांच्या सवयीने त्यांच्या हातून पेन्सिल काढून घेतली म्हणा ना. माणसे चार, दिवस प्रत्येकी पाच. म्हणजे खोली एक आणि दिवस वीस. पॉइंट शेवटच्या आकड्यापर्यंत खर्ची पडले. सरांनी चौघांच्या नावांनी चार आरक्षणे केली, पत्नीला पहिला मान दिला, स्वतः सौजन्याने शेवटी राहिले आणि कागद भोजनाच्या टेबलावर पसरला.

बाईंनी तो चष्मा लावून एकदा वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला.

"अहो, मी परत येणार त्याच दिवशी थोरली निघणार?"

"तू अकराला खोली सोडायचीस, ती बाराला घेणार. मधला तास साफसफाईला ठेवलाय."

"आणि ही आली की मग धाकटा."

"बरोबर. शेवटी मी."

"मग आपण भेटायचं कधी?"

"अगं, तेच तर कसब आहे," सर प्रसन्नपणे म्हणाले. "वीस दिवसांत कुणाची कुणाशी टक्कर नाही."

मुलाने घास खाली ठेवला. थोरलीने पदर नसल्यामुळे हातरुमाल तोंडाशी धरला. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी आपले ताट उचलले आणि स्वयंपाकघरात नेऊन झाकून ठेवले. ते झाकण ठेवल्याचा आवाज ऐकला, तेव्हा कुठे सरांना आपण काय करून बसलो ते उमगले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कार्डवाल्यांना फोन लावला. पलीकडची मुलगी फार गोड बोलली. आरक्षण रद्द करता येईल, पण पॉइंट साठ दिवसांनी परत मिळतील. आणि ते महिनाअखेर बाद होणार असल्याने परत मिळताच बाद झालेले असतील. नावे बदलता येत नाहीत. एका खोलीत चौघांना राहता येत नाही. गाढवही गेले आणि ब्रह्मचर्यही गेले, अशी ही अवस्था त्या मुलीने इतक्या अदबीने समजावली की सरांनी तिचे आभार मानले.

मग बाईंनी सूत्रे हाती घेतली. रुग्णालयात खाटा कमी आणि रोगी जास्त असत, त्यामुळे अशा पेचांचा त्यांना सराव होता. त्यांच्या पहिल्या पाच दिवसांत सगळ्यांनीच निघायचे, जेवण हॉटेलात पैसे मोजून घ्यायचे, बाकीची पंधरा दिवसांची खोली रिकामी पडली तर पडू द्यायची, असा त्यांनी निर्णय दिला. रिकामी खोली ऐकून सरांचा हात पेन्सिलीकडे गेला, परंतु ब्र काढण्याची ही वेळ नव्हती.

हॉटेल भरलेले असल्याने उरलेल्या तिघांना समोरच्या टायरच्या दुकानावरची एकमेव खोली मिळाली. बाई तळ्याकडे तोंड केलेल्या प्रशस्त खोलीत एकट्या झोपत आणि ताज्यातवान्या होऊन उद्वाहनाने खाली उतरत. इकडे दोन खाटा, एक गादी आणि एक न्हाणीघर. खाली सहा वाजता हवा भरण्याचे यंत्र सुरू होई आणि मुलाची दुपारपर्यंतची झोप तिथेच फुटे. सर रोज न्हाणीघराच्या दाराशी कुणावर तरी आदळत. दुसऱ्या सकाळी त्यांनी आंघोळीच्या वेळा आखायला घेतल्या, तेव्हा मुलाने त्यांच्या हातातली पेन्सिल हळूच काढून घेतली.

पण दहा जेवणे झाली. दहाही वेळा चौघे एका टेबलाशी होते. थोरलीने वल्हे मारून हाताला आलेले फोड आईला दाखवले, मुलाने चौथ्या दिवशी बहिणीच्या वाटणीचे खाऊन जुने भांडण उकरून काढले, आणि बाईंनी ते भांडण सोडवायची अजिबात घाई केली नाही.

शेवटच्या दुपारी सरांनी साऱ्या जेवणांचे आणि टायरवाल्याच्या खोलीचे पैसे त्याच कार्डावर चुकते केले. थोड्या वेळाने फोन वाजला. सरांनी संदेश वाचला आणि त्यांच्या चेहऱ्यावर जुने तेज परतले. एवढ्या खर्चाबद्दल कार्डवाल्यांनी नवे पॉइंट बहाल केले होते; याच हॉटेलात एका माणसाला एक दिवस पुरतील इतके.

"कुणाला पाठवायचं?" थोरलीने विचारले.

"ह्यांना," बाई म्हणाल्या.

मुलाने अनुमोदनाचा हात वर केला, थोरलीने केला. आणि पाच दिवस टायरच्या दुकानावर काढलेल्या सरांनी, जरा ओशाळून का होईना, सर्वांत उंच केला.