पुढील कार्यवाहीची आवश्यकता नाही

माझ्या मालकीची एक वेबसाइट आहे असं सांगितलं की लोक माझ्याकडे नव्या नजरेने पाहतात. (मग मी तिच्यावर काय असतं ते सांगतो आणि ते पुन्हा जुन्या नजरेने पाहू लागतात.) बायको, अंबिका, गेल्यावर घरात बोलायला कोणी उरलं नाही, तेव्हा आमच्या चिरंजीवांनी, केदारने, बंगलोरहून मला ती उभी करून दिली. भिंगारच्या जुन्या आठवणी लिहीत जा, मन रमेल, म्हणाला. मी लिहिल्या. वाचल्या कोणी, हे विचारू नका.

मेल मात्र नेमाने येत. वेबसाइटवर प्लगइन नावाचे छोटे छोटे कामगार असतात. एक फोटो लावतो, एक अक्षरं मांडतो. ही मंडळी मधूनमधून आपोआप सुधारतात आणि तसं मालकाला मेलने कळवतात. मोबाईल टिंग वाजला की भांडी घासणाऱ्या कडूबाई मोरीतून विचारायच्या, "पोराचा का? कवा येतो म्हनतोय?"

"बघतो म्हणतोय," मी सांगायचो. (उभी नोकरी आवक-जावकच्या टेबलावर गेली, पण खोटी नोंद कधी केली नव्हती.)

त्या प्रत्येक मेलच्या शेवटी इंग्रजीत एक वाक्य असे. कचेरीच्या मराठीत सांगायचं तर, 'आपल्याकडून पुढील कार्यवाहीची आवश्यकता नाही.' आता हेच मला निवृत्तीच्या दिवशी हार घालून सांगितलं होतं. ते पुन्हा दर दोन दिवसांनी कोण ऐकून घेणार? मी ठरवलं, हे मेल बंद.

शोधल्यावर कळलं, की प्लगइनचे मेल बंद करायला आणखी एक प्लगइन नेमावं लागतं. म्हणजे नोकरकपातीसाठी नवा साहेब. (हे मला चटकन समजलं.) साहेब नेमले, एका चौकटीतली खूण काढली आणि टिंग थांबलं.

घर इतकं शांत झालं की फ्रीज सुरू झाला तरी मी दचकू लागलो. एक दिवस कडूबाईंनी नळ बंद केला आणि दारात येऊन उभ्या राहिल्या.

"काका, पोरासंगं भांडन झालं का? लई दिस झालं, मोबाईल वाजला न्हाई."

नाही हो, म्हटलं, पण त्या दिवशी जेवण गेलं नाही. मला त्या मेलची आठवण येत होती. चांगल्या शिकल्यासवरल्या माणसाला फोटो लावणाऱ्या प्लगइनची आठवण यावी, याची लाज वाटली, पण येत होती.

मग साहेबांना काढायला बसलो. प्रत्येक नावाखाली 'निष्क्रिय करा' असं लिहिलेलं. साहेबांचं नेमकं नाव आठवेना, म्हणून सरसकट सगळ्यांनाच निष्क्रिय केलं. फोटो गायब झाले, अक्षरं एकमेकांच्या अंगावर चढली आणि भिंगारचा बाजार माझ्या लग्नाच्या गोष्टीत शिरला.

केदारला फोन केला. तो रागावला, पण बोलला. दुरुस्ती चालली तितके दिवस रोज संध्याकाळी बोलला. मधेच जेवलात का, असंही विचारायचा. कडूबाई असल्या की मी मुद्दाम स्पीकर लावायचो. मी इतका सुखात होतो की दुरुस्ती लांबावी असं वाटे. पण पोरगा हुशार. सगळं ठीक केलं, मेल स्वतःकडे वळवून घेतले आणि बजावलं, की बाबा, आता कशालाही हात लावू नका.

फोन पुन्हा थांबले. मी धीर धरला. मग एका सकाळी चहा घेतला, चष्मा पुसला आणि फोटोवाल्याला निष्क्रिय केलं. केदारचा फोन आला. आपोआप झालं असेल, मी म्हटलं. दुसऱ्या सकाळी अक्षरंवाला आपोआप झाला. पुन्हा फोन.

"बाबा, कोण काय बंद करतं त्याचा मला मेल येतो. त्यात नाव असतं."

आता हा विचारणार, बाबा, असं का करता? मी उत्तराची जुळवाजुळव करू लागलो.

"इथे मीटिंगमध्ये सारखं टिंग वाजतं हो," तो म्हणाला. "तुम्ही ते मेल बंद कसे केले होते?"

मी सांगितलं. साहेब कुठे मिळतात, चौकट कुठली, खूण कशी काढायची, सगळं सविस्तर. न समजलेलं त्याने दोनदा विचारलं. इतकं छान बोलणं आमचं बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं. झालं बंद, थँक्यू बाबा, म्हणाला आणि मीटिंगला गेला.

कडूबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "काय म्हनत हुता?"

"पुढील कार्यवाहीची आवश्यकता नाही."

"म्हंजी येनार हाय का न्हाई त्यो?"

"ते होय?" मी म्हटलं. "सेटिंग सांगायच्या नादात विचारायचंच राहिलं."